सुंदरीवादनाचा अल्बम : वेष्टन आणि दिवाळी अंकातील जाहिरात यांसाठी एकच चित्र वापरावे का?

प्रश्न : पत्रिकावाला (सोलापूर)

नमस्कार. लग्नपत्रिका, माहितीपत्रके आणि फ्लेक्स यांची मांडणी करून देणे हा माझा व्यवसाय आहे. सध्या येथील एका तरुण सुंदरीवादकाच्या पहिल्या अल्बमचे काम माझ्याकडे आले आहे (सुंदरी म्हणजे सनईसारखे, पण तिच्याहून लहान, फुंकून वाजवायचे वाद्य). सीडी मोजक्याच काढायच्या असून त्या मैफलींच्या ठिकाणी विकल्या जातील. इतर श्रोत्यांसाठी अल्बम स्ट्रीमिंगवर असेल. प्लॅस्टिकची डबी नको, दुमडणारे पुठ्ठ्याचे पाकीट हवे, असे कलावंतांनी सांगितले आहे. शिवाय एका दिवाळी अंकात अर्ध्या पानाची कृष्णधवल जाहिरात द्यायची आहे.

मुखपृष्ठासाठी त्यांना सिद्धेश्वर तलावाकाठी संध्याकाळी काढलेले छायाचित्र पसंत आहे. त्यात निळसर अंधार, मागे मंदिराचे शिखर आणि पुढे वादनात रमलेले ते स्वतः दिसतात. भोवती सोलापुरी चादरीच्या नक्षीची किनार असावी, अशी मित्रमंडळींची सूचना आहे. हेच मुखपृष्ठ लहान करून जाहिरातीत घेतले तर दोन्हींची ओळख एक राहील, असे मला वाटते; परंतु ते अर्ध्या पानात कितपत उठेल, याची शंका आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुनी शाई

आपली शंका रास्त आहे. पाकीट ज्याच्या हातात पडते त्याने बहुधा नुकतीच मैफल ऐकलेली असते. त्याला वाद्य ठाऊक असते आणि तो पाकीट उलटसुलट करून सावकाश वाचतो. दिवाळी अंकाचा वाचक मात्र एका कथेवरून दुसऱ्या कथेकडे जाताना आपल्या अर्ध्या पानावरून नजर फिरवणार, आणि तो नाशिकचा किंवा चिपळूणचा असेल तर सुंदरी हे वाद्य त्याने कदाचित पाहिलेलेही नसेल. सोलापुरात सुंदरीवादकांच्या जाधव घराण्यामुळे हे नाव घरोघरी माहीत असले, तरी बाहेरचा माणूस चित्र पाहून ‘सनई दिसते’ असे म्हणेल आणि पान उलटेल. म्हणून जाहिरातीत पहिला मान वाद्याला द्यावा, तलावाला नव्हे.

माझ्या मते वाद्य आणि ते धरलेली बोटे यांचे जवळून घेतलेले, मागे कोरी पांढरी पार्श्वभूमी असलेले छायाचित्र जाहिरातीसाठी वेगळे काढून घ्यावे. बोटे हवीतच, कारण सुंदरी सनईपेक्षा लहान असते हे शेजारी हात असल्याशिवाय कळत नाही. मुखपृष्ठाशी नाते राखायला अल्बमच्या नावाचे अक्षरलेखन दोन्हीकडे तेच ठेवले की पुरते.

संध्याकाळच्या छायाचित्राची तांत्रिक अडचणही आहे. त्यात शिखर आणि आकाश वेगळे दिसतात ते रंगांमुळे. चित्र कृष्णधवल केले की दोघांची करडी छटा जवळजवळ सारखीच येते. त्यातच अंकाची आतली पाने मॅपलिथोची (बिनचकाकीच्या, शाई शोषणाऱ्या कागदाची) असतील तर शाई कागदात मुरून छपाईचा ठिपका पसरतो आणि मधल्या छटा पडद्यावर दिसतात त्याहून गडद उमटतात. त्यामुळे कोणतेही छायाचित्र द्याल ते थोडे उजळ करूनच द्यावे. काळ्या पट्टीवर पांढरी बारीक अक्षरे टाळावीत, कारण देवनागरीतील बारीक रेषा आणि अनुस्वार शाईने बुजतात. करड्या छटेतील मजकूरही नको. छपाईत त्याचे ठिपके होऊन अक्षरांच्या कडा फाटतात. क्यूआर कोड किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा आणि चहूबाजूंनी मोकळी जागा सोडून घ्यावा.

आणखी एक गोष्ट म्हणजे ‘प्रकाशन येत्या रविवारी’ यासारखी ओळ जाहिरातीत घालू नये. दिवाळी अंक वाचनालयांतून पुढे अनेक महिने फिरत असतो आणि तुळशीचे लग्न उरकल्यावर ती ओळ जाहिरातीलाच शिळी करते.

उत्तर : घडी आणि कात्री

जाहिरातीबद्दल वर सविस्तर आलेच आहे, म्हणून पाकिटापुरते लिहितो. मजकूर बसवण्याआधी कोऱ्या आर्ट कार्डाचे पाकीट हाताने बनवा आणि त्यात खरी सीडी घालून पाहा. सीडीचा व्यास 120 मिलिमीटर असतो. पाकिटाची आतली मापे नेमकी तेवढीच ठेवली, तर ती अडकते आणि ओढून काढताना खिसा फाटतो. सर्व कडांना 3 मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेले चित्र) ठेवावे. गडद निळा रंग घडीवरून जाणार असेल तर क्रीझिंग (घडीसाठी आधी दाबून घेतलेली रेघ) कागदाच्या तंतूंच्या दिशेला समांतर येईल असे छापखान्याला आधीच सांगावे आणि मॅट लॅमिनेशन करून घ्यावे. एरवी काही दिवसांतच घडीवर पांढरी चीर दिसू लागते.

सीडीवर छापताना खाली पांढरा थर मागून घ्यावा, नाहीतर चंदेरी पृष्ठभाग रंगांतून डोकावतो आणि चेहरे काळपट पडतात. मध्यभागी 15 मिलिमीटरचे भोक असते, हे कलावंतांचे छायाचित्र तेथे ठेवण्याआधी आठवावे. (नाकाच्या जागी भोक असलेली सीडी मी पाहिली आहे.)

चादरीच्या किनारीला माझा विरोध आहे. आपल्या चादरीचा अभिमान मलाही आहे, पण ती नक्षी घातली की अल्बम हातमाग प्रदर्शनातला वाटू लागतो आणि तलावाच्या शांत चित्राशीही तिचे जमत नाही.

उत्तर : साथसंगत

मी तबल्याची साथ करतो, त्यामुळे माझे लक्ष आधी मागच्या बाजूकडे जाते. राग, ताल, प्रत्येक रचनेचा कालावधी आणि साथीदारांची नावे वाचता येतील एवढ्या अक्षरांत द्यावीत. कॉपीराइट कायदा, 1957 मधील कलम 52अ नुसार ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव व पत्ता, हक्कधारकाचे नाव व पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष हा तपशील सीडीवर आणि वेष्टनावर, दोन्हीकडे असावा लागतो. हा मजकूर ऐनवेळी कोपऱ्यात कोंबला जातो, म्हणून त्याची जागा आधीच राखावी. छायाचित्रकाराकडून वापराची लेखी परवानगी घ्यावी आणि त्यात जाहिरातीचाही उल्लेख असावा.

स्ट्रीमिंगसाठी 3000 गुणिले 3000 पिक्सेलचे चौरस चित्र वेगळे करावे. त्यावर किंमत, दूरध्वनी क्रमांक किंवा क्यूआर कोड असल्यास ते नाकारले जाते. मोबाइलवर हे चित्र नखाएवढे दिसते, तेव्हा अल्बमचे नाव ठळक हवे.

पत्रिकावाला

सर्वांचे आभार. जाहिरातीसाठी हात आणि वाद्य यांचे छायाचित्र वेगळे काढण्यास कलावंत तयार आहेत; किनार वगळली आहे. शेवटची एक विचारणा आहे. अक्कलकोट आणि विजयपूरकडील श्रोत्यांसाठी पाकिटाच्या आत कन्नडमध्येही परिचय द्यायचा आहे. मला कन्नड बोलता येते, वाचता येत नाही. काय काळजी घ्यावी?

जुनी शाई

मजकूर युनिकोडमध्येच मागवा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये तो चिकटवल्यावर जोडाक्षरे सुटण्याची शक्यता असते, म्हणून फाइल कर्व्ह केल्यानंतर (अक्षरांचे रेखाकृतींत रूपांतर केल्यानंतर) तिचे प्रूफ कागदावर काढून कन्नड वाचणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्या. कर्व्ह करण्याआधीच्या तपासणीवर विसंबू नका. मराठी मजकुरातील रफार आणि ‘ऱ्य’ही त्याच प्रुफावर पाहून घ्यावेत.