ऑनर्सचे विद्यार्थी : पद्धतिशास्त्रात पैकीच्या पैकी, पण स्वतःचा संशोधन आराखडा जमत नाही

पाटीपेन्सिल

नमस्कार. सामाजिक शास्त्रांच्या ऑनर्स वर्गासाठी सल्ला हवा आहे. १८ विद्यार्थी, १५ आठवड्यांचं सत्र, शेवटी प्रत्येकाचा ८ ते १० हजार शब्दांचा प्रबंध. विषय चालू काळातलाच हवा.

मुलांना स्तरित नमुना म्हणजे काय, सप्रमाणता आणि विश्वसनीयता यांत फरक काय, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण स्वतःचा आराखडा मांडायला सांगितला की ‘समाजमाध्यमांचा तरुणाईवर होणारा परिणाम : एक अभ्यास’ असं शीर्षक येतं आणि दुसऱ्या आठवड्यात गुगल फॉर्म फिरायला लागतो. विषयावरून प्रश्नावर कसं आणायचं? नमुना किती पुरे? आणि विषयच हलता असेल, अर्ध्या वाटेत परिस्थिती बदलली, तर काय करायचं?

कोरातक्ता

पहिले चार आठवडे गुगल फॉर्म उघडायलाच बंदी घाला. फॉर्म तयार झाला की मुलांना काम सुरू झाल्यासारखं वाटतं आणि विचार तिथेच थांबतो.

शीर्षकातला ‘परिणाम’ हा शब्दही काढायला लावा. एकदाच घेतलेल्या सर्वेक्षणातून कशामुळे काय झालं हे कळत नाही, फार तर दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढं दिसतं. जास्त मोबाइल पाहणारी मुलं कमी झोपतात असं आढळलं, तरी झोप लागत नाही म्हणून मोबाइल हातात घेतला असंही असू शकतं. ‘परिणाम’ लिहून ठेवलं की शेवटच्या प्रकरणात तो सिद्ध केल्याचा आव आणावा लागतो.

मग प्रत्येक विषयाला चार प्रश्न लावा : कोणामध्ये, कधी, नेमकं काय, आणि कशाच्या तुलनेत. पहिले तीन मुलं भरतात, चौथा रिकामा राहतो. आराखडा उभा राहतो तो मात्र या चौथ्यावर. उदाहरणार्थ ‘विद्यार्थी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा नुसता विषय झाला. ‘लेखी गृहपाठासाठी चॅटबॉट वापरण्याचा हेतू पहिल्या वर्षाच्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांत वेगळा असतो का?’ हा प्रश्न झाला, कारण त्याची निदान दोन वेगळी उत्तरं कल्पनेत येतात आणि प्रत्येक उत्तर खरं असेल तर आकडे कसे दिसतील हे आधी सांगता येतं. जिथे हे सांगता येत नाही, तिथे विद्यार्थ्याला अजून प्रश्न सापडलेला नाही.

यानंतर संकल्पनेचे निर्देशक, म्हणजे ती प्रत्यक्षात कशावरून मोजायची. ‘वापर’ म्हणजे काय? ‘तुम्ही सहसा किती वेळा वापरता?’ असं विचारलं तर लोक स्वतःबद्दलचं मत सांगतात, वर्तन नाही. ‘शेवटचा जो गृहपाठ दिलात, त्यात यांपैकी कशासाठी वापरला : संदर्भ शोधायला, मुद्दे काढायला, भाषा सुधारायला, परिच्छेद लिहून घ्यायला’ असं विचारा. काळ ठरलेला, घटना एक, पर्याय वेगळे. मोबाइलच्या वापराबाबत तर अंदाज विचारूच नये. फोनमधल्या स्क्रीन टाइमच्या नोंदीवरून गेल्या सात दिवसांचा आकडा पाहून लिहायला सांगावा.

आता सगळ्यात उपयोगी पायरी, जी बहुतेक ठिकाणी गाळली जाते : कोरे तक्ते. माहिती गोळा करण्याआधी प्रबंधातले सगळे तक्ते आखून घ्यायचे, आडव्या-उभ्या रकान्यांची नावं लिहायची, फक्त आकडे रिकामे. मग प्रश्नावलीतला एकेक प्रश्न घेऊन विचारायचं, हा कोणत्या तक्त्यात जातो? कुठेच जात नसेल तर बाद. ४० प्रश्नांची प्रश्नावली साधारण १५-१८ वर येते. उलटंही घडतं : तक्त्यात ‘कामाचे तास’ असा रकाना असतो आणि तो प्रश्न विचारायचाच राहिलेला असतो. हे बाराव्या आठवड्यात कळून काही उपयोग नाही.

पूर्वसंशोधनाच्या आढाव्यालाही तक्ताच द्या. १२ ते १५ लेख, प्रत्येकाला एक ओळ : प्रश्न, कोणावर केला, नमुना, कसं मोजलं, निष्कर्ष. ‘कसं मोजलं’ हा रकाना नसेल तर आढावा म्हणजे ‘अमुक म्हणतात, तमुक म्हणतात’ची माळ होते. तो रकाना भरताना आधी तपासलेली मोजपट्टी (एकच गोष्ट मोजणारा विधानांचा संच) हाती लागते आणि स्वतःची नवी पट्टी शोधायचा खटाटोप वाचतो.

त्रैराशिक

नमुन्याबद्दल लिहितो. ‘३८४ लागतात’ हे वाक्य तुमच्या वर्गातही येणारच.

हा आकडा साध्या यादृच्छिक नमुन्याचा आहे : ९५ टक्के विश्वासपातळी, अधिक-उणे ५ टक्के चूक, प्रमाण ५० टक्के धरलेलं आणि मूळ समष्टी (ज्यांच्याबद्दल बोलायचं ते सगळे) खूप मोठी. समष्टी १२०० असेल तर दुरुस्ती करून २९१ पुरतात. चूक अधिक-उणे १० टक्के चालणार असेल तर ९६. पण या सगळ्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा हातात पूर्ण यादी आहे आणि तिच्यातून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड झाली आहे. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या दुव्याला ३८४ उत्तरं आली तर तो ३८४ जणांचा सोयीचा नमुना. त्याला ‘अधिक-उणे ५ टक्के’ जोडणं ही दिशाभूल.

मुलांना १९३६ची अमेरिकन अध्यक्षीय निवडणूक जरूर सांगा. ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांवरून रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. नावं दूरध्वनी आणि मोटारींच्या याद्यांमधून घेतलेली, म्हणजे मंदीच्या काळातली तुलनेने सधन माणसं. त्यातही उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांचा कल वेगळा. नमुना मोठा असला की चूक धुऊन निघते हा समज घालवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

ऑनर्सला बहुतेकांचा प्रश्न तुलनेचा असतो, म्हणून हिशोब वेगळा करावा लागतो. दोन गटांच्या सरासरीतला फरक मध्यम असेल (अर्ध्या प्रमाण विचलनाइतका; प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप) तर तो ८० टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक लहान, म्हणजे ०.२ प्रमाण विचलनाइतका असेल तर प्रत्येकी जवळजवळ ४००. ते एका सत्रात होणारं काम नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकावं.

आणखी दोन ठिकाणी मुलं घसरतात. एक, उपगट. १२० जण घेतले आणि तीन वर्षं, दोन शाखा, स्त्री-पुरुष अशी विभागणी केली की १२ घरं होतात, सरासरी एका घरात १० माणसं, काही घरांत दोन-तीनच. तिथे टक्के काढणं व्यर्थ. दोन, अख्खे वर्ग उचलणं. १० वर्गांतून ३०-३० घेतले तर कागदावर ३००, पण एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात. हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.०५ इतकं जरी धरलं, तरी १ + २९ × ०.०५ = २.४५ ने भागावं लागतं, म्हणजे खरी माहिती १२२ जणांएवढीच. त्यापेक्षा २० वर्गांतून १५-१५ घ्या, तेवढ्याच मेहनतीत ती १७६ जणांएवढी होते.

पथदर्शी चाचणी ८-१० जणांवर, पण दुवा पाठवून नाही. शेजारी बसून. प्रत्येक प्रश्नानंतर ‘याचा अर्थ तुम्ही काय घेतलात?’ एवढंच विचारायचं. ‘महाविद्यालयातील ग्रंथालय व इंटरनेट सुविधांबद्दल समाधानी आहात का?’ यासारखे जुळे प्रश्न, म्हणजे एकात दोन, इथेच पकडले जातात. पट्टी वापरली असेल तर क्रॉनबॅक अल्फा (पट्टीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) पूर्ण माहितीवर काढा, १० जणांवर तो भरवशाचा नसतो. ०.७च्या पुढे असला तर सहसा चालतो. तो अगदीच खाली किंवा चक्क उणे आला, तर आधी उलट अर्थाच्या विधानांचे गुण उलटवले आहेत का ते बघा.

कानदेऊन

वरचं सगळं मान्य, पण दोघांनीही सर्वेक्षण गृहीतच धरलंय. चालू विषयांत कित्येकदा काय विचारायचं हेच अजून कोणाला नीट माहीत नसतं, तिथे प्रश्नावली म्हणजे अंधारात दगड. ॲपवरून कामं मिळणारे लोक नाकारलेल्या कामाबद्दल कसा विचार करतात, हे पाच पर्यायांत बसत नाही.

मुलाखती किती, याला एकच आकडा नाही. २००६मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक संकेत (उत्तरांतल्या मुद्द्यांना दिलेली छोटी नावं) पहिल्या १२ मुलाखतींतच येऊन गेले होते. पण त्यांचा गट एकजिनसी होता आणि प्रश्न ठरलेले होते, हे सोडून नुसता १२ हा आकडा उचलला जातो. तुमच्या १५ आठवड्यांत ८ ते १० पुरे. वेळेचा हिशोब बघा : ४५ मिनिटांच्या १० मुलाखती म्हणजे साडेसात तास ध्वनिमुद्रण. एका तासाचं अक्षरशः लेखन करायला ४ ते ६ तास. म्हणजे ३० ते ४५ तास नुसते टंकलेखनाचे. यंत्राकडून लिहून घेतलं तरी बोलीभाषेतलं आणि दोघं एकदम बोलतात तिथलं सगळं ऐकून दुरुस्त करावंच लागतं.

मुलाखतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे संशोधनाचा प्रश्नच समोरच्याला विचारणं. ‘ॲपमुळे तुमच्या स्वायत्ततेवर काय परिणाम झाला?’ याला कोणी काय सांगणार? ‘कालचा दिवस सकाळपासून सांगा’ असं म्हणा आणि गप्प बसा. ६-८ मुख्य प्रश्न, प्रत्येकाखाली दोन-तीन खोदणारे.

सांकेतन, म्हणजे मजकुराला असे संकेत देणं, दोघांनी करावं, निदान दोन मुलाखतींचं, आणि जुळणी कप्पाने (योगायोगाची जुळणी वगळून मोजणारा आकडा) मोजावी. दोघांचं ८० टक्के जुळलं हे ऐकायला बरं वाटतं. पण योगायोगानेच ६० टक्के जुळणार असेल तर कप्पा फक्त ०.५ येतो. तो सुधारायला संकेतांच्या व्याख्या पुन्हा लिहाव्या लागतात, आणि मुलांना आपली संकल्पना धूसर होती हे खरं तर तिथेच उमगतं.

पाटीपेन्सिल

कोरे तक्ते उद्यापासूनच. हलत्या विषयाचं मात्र अजून कोणी बोललं नाही.

तारीखवार

प्रश्न घटनेला बांधू नका, घटनेमागच्या प्रक्रियेला बांधा. ‘अमुक नियमाबद्दल विद्यार्थ्यांचं मत’ हा प्रश्न नियम मागे घेतला की संपतो. ‘अर्धवट माहिती असताना विद्यार्थी एखाद्या नियमाबद्दल मत कोणाचं ऐकून बनवतात’ हा टिकतो, नियम राहो न राहो.

दुसरं, काळाची चौकट. सुरुवातीची आणि शेवटची तारीख आराखड्यातच लिहायची आणि ती का, हेही. नंतर कितीही मोठं काही घडलं तरी ते चौकटीबाहेर. मात्र चौकटीच्या आत घडलं, तर प्रत्येक उत्तरावर तारीख हवी, म्हणजे आधीची आणि नंतरची उत्तरं वेगळी काढता येतात. गुगल फॉर्म वेळेची नोंद आपोआप ठेवतो, मुलं ती ‘नको असलेला रकाना’ म्हणून पुसतात!

‘पूर्वी तुमचं मत काय होतं?’ असं विचारून आधीची स्थिती मिळत नाही. माणूस आजच्या मतावरून कालचं मत रचतो. आधीचं काही हवं असेल तर त्या वेळी नोंदलेलंच शोधावं : शासकीय आकडेवारी, जुनी सर्वेक्षणं, वर्तमानपत्रं.

वर्तमानपत्रांचा आशय तपासायचा तर सलग सात दिवस घेऊ नका. एक मोठी बातमी आली की तो आठवडा तिचाच होतो. रचित आठवडा घ्या : वर्षभरातल्या सगळ्या सोमवारांतून एक सोमवार यादृच्छिक, तसाच मंगळवार, असे सात. दैनिकाच्या एका वर्षासाठी असे दोन आठवडे सहसा पुरतात. विषय मधूनच उसळणारा असेल तर वाढवा.

समाजमाध्यमांवरची माहिती ‘नंतर घेऊ’ म्हणून सोडू नये. ट्विटरने संशोधकांची माहिती घेण्याची मोफत सोय २०२३मध्ये काढून घेतली, फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या नोंदी शोधायचं क्राउडटँगल हे साधन ऑगस्ट २०२४मध्ये बंद झालं. त्यावर बेतलेले आराखडे अधांतरी राहिले. ऑनर्सला हाताने जमवता येतील अशा २००-३०० नोंदी (पोस्ट) बऱ्या. निवडीचा नियम आधी लिहायचा, जमवल्याची तारीख प्रत्येक नोंदीवर. आणि प्रबंधात नोंद जशीच्या तशी उद्धृत करू नका. शोधयंत्रात वाक्य टाकलं की लिहिणारा सापडतो, मग नाव गाळून काय मिळवलं? आशय आपल्या शब्दांत मांडा.

नैतिक मंजुरीचा अर्ज चौथ्या आठवड्यातच जायला हवा, समितीला वेळ लागतो. १८ वर्षांखालचे असतील तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही. शिक्षकाने आपल्याच वर्गात फॉर्म वाटला तर त्या संमतीला काही अर्थ उरत नाही, दुसऱ्या कोणाकडून वाटावा.

कोरातक्ता

वेळापत्रकाचं राहिलं. १ ते ४ प्रश्न, आढावा आणि नैतिक अर्ज, ५ कोरे तक्ते आणि साधन (प्रश्नावली किंवा मुलाखतीचे प्रश्न), ६ पथदर्शी चाचणी, ७ ते १० माहिती, ११-१२ विश्लेषण, उरलेले तीन लेखन. सहाव्या आठवड्यानंतर साधनात बदल करायचा नाही. अर्ध्यांना एक शब्दरचना आणि अर्ध्यांना दुसरी गेली की ती उत्तरं एकत्र मोजता येत नाहीत.

१८ जणांना १८ वेगळी साधनं दिलीत तर तुम्हीच कोलमडाल. तिघातिघांचे सहा गट करा, गटाचं साधन एक, प्रत्येकाचा प्रश्न वेगळा. तिघांनी ५०-५० जण गाठले तर प्रत्येकाच्या हातात १५० उत्तरं येतात आणि त्रैराशिक यांचं प्रत्येकी ६४चं गणितही बसतं. फक्त कोणाचा तक्ता कोणता हे पाचव्या आठवड्यात लिहून, सह्या घेऊन ठेवा, नाहीतर शेवटी तिघांचे प्रबंध एकसारखेच येतात.

आराखड्याला प्रबंधापासून वेगळे गुण द्या, ३० टक्के तरी. आणि गृहीतकृत्य, म्हणजे आधी मांडलेला अंदाज, खोटं ठरलं म्हणून गुण कापायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर मुलं हवे ते आकडे येईपर्यंत उपगट पाडत बसतात.