मदत हवी आहे : मोठी देणगी दाराशी आली आहे, पण संस्थेचं मूळ काम तिच्यात वाहून जाईल अशी भीती वाटते

नमस्कार मंडळी,

लिहिणं लांबणार आहे. पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल, म्हणून सगळं सांगते.

मी एका छोट्या संस्थेची प्रमुख आहे. दृष्टिहीन मुलांसाठी ब्रेल पुस्तकं, आणि त्यातही विज्ञान-गणिताच्या स्पर्शाकृती तयार करणं हे आमचं काम. डोळसांच्या पुस्तकातलं हृदयाचं चित्र जसंच्या तसं उठावदार केलं तर बोटांच्या हाती फक्त गोंधळ लागतो. काय गाळायचं, कोणती रेघ जाड ठेवायची, कुठे ठिपके द्यायचे, एका चित्राच्या दोन आकृत्या कराव्यात का, हे ठरवायला मुरलेला माणूस लागतो. शेवटी ब्रेल वाचणारा मुद्रितशोधक बोटं फिरवून आकृती पास करतो. एकेका आकृतीला कधी दोन-दोन दिवस जातात. अकरा वर्षं मी हेच केलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या संस्थापिका निवृत्त झाल्या (आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणतो) आणि विश्वस्त मंडळाने जबाबदारी माझ्याकडे दिली.

संस्थेचा एक छपाई विभागही आहे. बाहेरच्या कंपन्यांची ब्रेल लेबलं, पाट्या, माहितीपत्रकं तो करून देतो. त्यातून खर्चाचा साधारण चौथा हिस्सा निघतो. बाकी सगळा भार देणग्यांवर, आणि त्या बहुतेक ठरावीक पुस्तकांसाठी बांधलेल्या असतात. मोकळा पैसा फार थोडा.

आता एका मोठ्या देणगीदाराने प्रस्ताव दिला आहे. तीन वर्षं, दरवर्षी आमच्या सध्याच्या वार्षिक खर्चाच्या दीडपट रक्कम. काम मात्र वेगळं : प्रौढ दृष्टिहीनांना फोन आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरायचं प्रशिक्षण. प्रशिक्षक, उपकरणं, जागा यांचा खर्च पूर्ण मिळेल, पण व्यवस्थापनासाठी पाच टक्क्यांवर एक पैसा नाही. आमचा एम्बॉसर, म्हणजे ब्रेल छापायचं यंत्र, जुना झाला आहे आणि राखीव निधी जेमतेम दोन महिन्यांचा आहे. अशा वेळी इतकी मोठी रक्कम नाकारायला हात धजत नाही.

मंडळात सात जण आहेत. तिघं म्हणतात घ्या, तिघं म्हणतात नको, अध्यक्ष गप्प. छपाई विभागाला पैसा हवा आहे, कारण यंत्र बंद पडलं की शिव्या त्यांना खाव्या लागतात. आकृत्या करणारी चार माणसं आहेत. त्यातली दोन प्रशिक्षणाकडे जातील, हे न बोलता सगळ्यांना कळलं आहे.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातं. लोक अजून बाईंनाच फोन करतात. गेल्या महिन्यात एका पुस्तकाआधी छपाईची एक मोठी ऑर्डर घ्यायची असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुस्तक पुन्हा वर होतं, बाईंना विचारून. त्यांच्या मनात वाईट काहीच नाही, कोणी विचारलं तर त्या उत्तर देतात. मी जे काही शिकले ते त्यांच्याकडूनच, त्यामुळे रागावताही येत नाही. पण या प्रस्तावावर मी "हो" म्हटलं काय आणि "नाही" म्हटलं काय, ते टिकणार कसं?

महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे. सुरुवात कुठून करू?

ताळेबंद :
ताई, देणगी घ्यायची की नाही हे बाजूला ठेवा, आधी एक हिशेब करा. या प्रकल्पाला तुमचा, हिशेबनिसाचा, जागा सांभाळणाऱ्याचा किती वेळ जाईल? लेखापरीक्षण, अहवाल, भरती, हे सगळं धरा. छोट्या संस्था हा खर्च "तसाही होतोच" म्हणून मोजत नाहीत आणि मोठ्या देणगीनेच बुडतात. अनेक वर्षं संस्थांच्या हिशेबांत बसलो आहे, हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

पाच टक्क्यांची अट दगडावरची रेघ नसते. २०१३ साली अमेरिकेत संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी देणगीदारांना खुलं पत्र लिहिलं होतं. व्यवस्थापन खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची पारख करू नका, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रकल्प-अनुदानातला अप्रत्यक्ष खर्चाचा वाटा दहावरून वीस टक्के केल्याचं जाहीर केलं. आकडे मांडून मागितलं तर देणारे ऐकतात. न मागता घेतलं तर फरक तुमच्या राखीव निधीतून जातो.

आणि चौथ्या वर्षी त्या प्रशिक्षकांचे पगार कोण देणार, हेही विचारा.

आठवा ठिपका :
मी दृष्टिहीन आहे, तुमचा धागा एनव्हीडीएवर ऐकतो आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी उभा केलेला हा मोफत स्क्रीन रीडर. २००६ साली त्याचं काम सुरू झालं. त्याने माझी नोकरी शक्य केली. त्यामुळे प्रशिक्षणाचं काम दुय्यम आहे असं कोणी म्हटलं तर मला पटणार नाही.

पण शाळेत आलेख कळला तो बोटांनी. स्क्रीन रीडर मला आलेखाचं शीर्षक वाचून दाखवतो, वक्र कुठे वळला ते नाही. भूमितीचा पेपर मी आकृत्यांशिवाय सोडून दिला होता, कारण आमच्या पुस्तकात प्रत्येक आकृतीच्या जागी "आकृती पाहा" एवढंच छापलं होतं. ते वाक्य अजून आठवतं.

म्हणून मंडळाला एकच विचारा : आपण हे केलं नाही तर दुसरं कोण करेल? फोनचं प्रशिक्षण देणारे बरेच आहेत आणि वाढत आहेत. शालेय विज्ञानाच्या आकृत्या नीट करणारे किती? तुमची दोन माणसं उठली की मुलांच्या पुढच्या वर्षीच्या पुस्तकांत पुन्हा तेच वाक्य येईल.

आणखी एक. दृष्टिहीनांना वाचता येतील अशा पुस्तकांसाठीचा २०१३ चा आंतरराष्ट्रीय मराकेश करार ३० सप्टेंबर २०१६ पासून लागू आहे. तो मानणाऱ्या देशांमधल्या अधिकृत संस्था पुस्तकांच्या सुलभ प्रती एकमेकींना देऊ शकतात. तुमच्या आकृत्यांचा साठा इतरांच्याही कामी येऊ शकेल. देणगीदाराला मोठा आकडा हवा असेल तर तो इथेही आहे.

ताळेबंद :
पटलं, फक्त दुसरी बाजूही धरा. १९८५ मध्ये इंटेलने मेमरी चिप सोडायचं ठरवलं. कंपनीची ओळखच ती होती, पण स्वस्त मालापुढे ती टिकत नव्हती. उलट पोलिओसाठी १९३८ मध्ये निघालेल्या मार्च ऑफ डाइम्सने, १९५५ मध्ये लस यशस्वी ठरल्यावर, १९५८ मध्ये जन्मजात दोषांकडे मोर्चा वळवला. एकीचा बाजार गेला, दुसरीचं काम पूर्ण झालं. ताईंच्या बाबतीत यातलं काय झालंय? दोन्ही नाही, असं मला वाटतं. पण ते मंडळाने कागदावर उतरवायला हवं, नाहीतर पुढच्या प्रस्तावाला हाच वाद.

जुना कार्यवाह :
सगळे पैशावर बोलत आहेत. मला तुमचा दुसरा भाग पहिला वाटतो.

संस्थापक निवृत्त होतात ते पदावरून. लोकांच्या सवयीतून निवृत्त व्हायला वेगळी तयारी लागते. फजले हसन आबेद यांनी बांगलादेशात १९७२ साली सुरू केलेल्या ब्रॅक या विकास संस्थेचं अध्यक्षपद ऑगस्ट २०१९ मध्ये सोडलं, आणि त्याच डिसेंबरात ते गेले. आपल्यामागे काय, याची घडी त्यांनी हयातीतच बसवली होती. सगळ्यांना हे जमत नाही. त्यात बाईंचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलंच नसेल की आता तुमचं काम नेमकं काय.

हे सांगणं तुमचं काम नाही, अध्यक्षांचं आहे. गप्प बसणारा अध्यक्ष ही तुमची खरी अडचण आहे. त्यांना आजच भेटा. बाईंना सल्लागार म्हणून एक ठरावीक काम लेखी द्या, उदाहरणार्थ नव्या चित्रकारांना आकृत्या शिकवणं. वेळापत्रक आणि पैसा यांचे निर्णय तुमचे, हे सगळ्या विभागांना एकाच बैठकीत, बाईंच्या उपस्थितीत सांगितलं जाऊ द्या. मग कोणी फोन केला तर बाईंनी एवढंच म्हणायचं, "तिला विचार."

आणि त्यांच्याशी आधी तुम्ही स्वतः बोला. मंडळातून कळलं तर त्या दुखावतील.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहिते आहे, मधल्या काळात दोन गोष्टी केल्या.

हिशेब मांडला. या प्रकल्पाचा खरा व्यवस्थापन खर्च चौदा टक्के निघतो. पाच मिळाले तर दरवर्षीची तूट आमच्या आजच्या खर्चाच्या साडेतेरा टक्के. राखीव निधी सव्वा वर्षात संपेल. हा कागद पाहून "घ्या" म्हणणाऱ्या तिघांपैकी दोघं थांबले.

काल बाईंकडे गेले होते. मी चाचरत सुरुवात केली, तर त्याच म्हणाल्या, "फोन आला की मला बरं वाटतं गं, म्हणून उत्तर देते." मग बराच वेळ दोघी काही बोललो नाही. शिकवायचं काम त्यांना हवं आहे. अध्यक्षांना त्या स्वतः फोन करणार आहेत.

देणगीदाराला असं सुचवायचं ठरवतेय : निम्म्या रकमेत आकृत्यांचा साठा आणि तो वापरायला शिकवणं, व्यवस्थापन खर्च चौदा टक्के. प्रशिक्षणाचं काम जे आधीपासून करतात त्यांच्याकडे जावं. एकच अडलंय. खर्चाचा तक्ता संस्थेचा पूर्ण दाखवू की या प्रकल्पापुरता?

ताळेबंद :
पूर्ण दाखवा, राखीव निधीसकट. आणि तो निधी सहा महिन्यांवर न्यायला दरवर्षी किती लागेल, ती ओळही त्यात घाला. पत्र जाण्याआधी मंडळाचा ठराव मात्र हातात असू द्या.

धागाकर्ती :
गुरुवारी बैठक आहे. ठरावाचा मसुदा आज लिहायला घेते.