मदत हवी आहे: हँडब्रेकऐवजी लाईन लॉक?

जुनी जीप आहे, मागे ड्रम काढून डिस्क टाकल्या पण त्या कॅलिपरला हँडब्रेकची केबल लागतच नाही, म्हणून मागच्या ब्रेक लाईनमध्ये लिव्हरवालं लाईन लॉक बसवलं. पेडल दाबून लिव्हर ओढला की प्रेशर अडकतं, चढावर विंच लावायला उतरलो की दहा मिनिटं मस्त धरतं. पण डिस्क तापलेल्या असताना लॉक केलं तर गार होताना प्रेशर उतरतं आणि अर्ध्या तासात गाडी सरकायला लागते. दोनदा ब्लीड केलं (लाईनमधली हवा काढली), डॉट ४ फ्लुइड नवीन टाकलं, गळती कुठेच नाही. सध्या गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावतो. सोलेनॉइडवालं (विजेवर चालणारं) लॉक नकोय, कॉईल तापते आणि बॅटरी खाते. रात्रभर यावर भरवसा नाही ठेवायचा हे कळलंय, तर ट्रान्सफर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरबॉक्स) मागच्या शाफ्टवर केबलवाला ब्रेक कोणी बसवलाय का, आणि सामानासकट चढावर तो एकटा गाडी धरतो का?