काम किती वाजता संपते, हे आधी ठरवूया

सचिव, ए-१०४
सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या तिन्ही विंगमध्ये घरून काम करणाऱ्यांची संख्या आता बरीच आहे आणि कार्यकारिणीकडे दोन्ही बाजूंनी तक्रारी येत आहेत. दुपारी कुणाकडे भिंतीला ड्रिल लागले की शेजारच्यांची मीटिंग बंद पडते, आणि रात्री अकराला कुणी बाल्कनीत उभे राहून कामाचे बोलत असले की वरच्या मजल्यावरच्या ज्येष्ठांची झोप मोडते. रविवारच्या बैठकीत नियम ठरवायचे आहेत. त्याआधी आपला दिवस कसा जातो आणि तो नीट जावा म्हणून काय करता येते, हे प्रत्येकाने येथे लिहावे, म्हणजे नियम गरजेला धरून होतील.

बी-३०२
सचिवकाका, विषय काढलात हे फार बरे झाले. घरून काम करणाऱ्याने सकाळी किती वाजता बसायचे हे कंपनी सांगते, पण संध्याकाळी किती वाजता उठायचे हे कुणीच सांगत नाही, आणि माझ्या मते दिनचर्या ठरवायला सुरुवात तिथूनच करायला हवी. ऑफिसात परतीच्या कॅबची वेळ झाली की काम थांबवावेच लागत असे. घरी तशी कॅब नाही, त्यामुळे जेवण झाल्यावर एकच मेल पाहून घेऊ म्हणून उघडलेला लॅपटॉप मिटेपर्यंत घरातले सगळे झोपलेले असतात.

माझे काम अमेरिकेतल्या ग्राहकाचे आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात, कारण तिकडची घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे दिवाळीच्या आगेमागे आमच्या घरातल्या जेवणाची वेळ दरवर्षी सरकते, आणि ती कशामुळे सरकते हे सासूबाईंना नीट समजावून सांगितल्यापासून त्यावरून होणारी कुरबुर थांबली आहे. रात्रीचा कॉल टळत नाही, म्हणून मी दिवसाचे सरळ दोन भाग केले आहेत. दीड ते चार मी कामावर नसते, आणि त्या वेळात घरातली राहिलेली कामेही काढत नाही. जेवून पडते, वाचते, मुलगी शाळेतून आली की तिच्यापाशी बसते. ही दुपार हातची गेली, तर माझा दिवस सकाळी दहा ते रात्री दहा असा सलग बारा तासांचा होतो.

तास मोजण्याविषयी मी आग्रहाने लिहिते, त्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. घरी बसून ५५ तास केव्हा ओलांडले जातात ते कळतही नाही, म्हणून टेबलावरच्या वहीत मी रोज बसण्याची आणि उठण्याची वेळ लिहिते.

ए-४०३
आम्हा वडीलधाऱ्यांची बाजूही लिहितो. मुलगा घरातच आहे म्हटल्यावर गॅस सिलिंडर आला तर त्यालाच हाक जाते, रक्त तपासायला जायचे तर त्यालाच गाडी काढायला सांगितले जाते. तो नाही म्हणाला की आम्हाला वाईट वाटते आणि हो म्हणाला की त्याचे काम रात्रीवर जाते. आता आमच्याकडे असे ठरले आहे की खोलीचे दार पूर्ण बंद असेल तर अगदी निकड असल्याशिवाय हाक मारायची नाही आणि दार अर्धे उघडे असेल तर आत जायला हरकत नाही. साडेसातला तो दार पूर्ण उघडून बाहेर येतो आणि त्यानंतर त्याच्या हातात ऑफिसचा फोन नसतो, हे त्याने स्वतःहून मान्य केले आहे.

थोडे कायद्याचेही लिहितो. कामाची वेळ संपल्यावर संपर्कात न राहण्याचा कामगाराचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी याच विषयावर लोकसभेत खासगी विधेयक मांडले होते, परंतु त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा तूर्त ही वेळ आपली आपणच सांभाळायची आहे.

सी-२०१
मी फिजिओथेरपिस्ट असल्यामुळे शरीरापुरते लिहिते. मान, खांदे आणि कंबर यांच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या घरून काम करणाऱ्या रुग्णांना मी प्रथम विचारते, की तुम्ही बसता कुठे? उत्तर बहुतेक वेळा पलंग, सोफा किंवा जेवणाचे टेबल असे असते. लॅपटॉपची अडचण अशी, की त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात योग्य उंचीवर ठेवले तर पडदा खाली राहून मान झुकते, आणि पडदा वर घेतला तर खांदे उचलावे लागतात. त्यावर स्वस्त उपाय आहे. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणावी, तो हातभर अंतरावर ठेवावा आणि वेगळा कीबोर्ड व माउस घ्यावा. कोपर साधारण काटकोनात, पाठीला आधार आणि तळवे जमिनीवर टेकलेले असावेत. पाय पोचत नसतील तर पायांखाली पाट घ्यावा.

तथापि उत्तम खुर्चीवरही सलग तीन तास बसणे वाईटच. दर अर्ध्या तासाने उठावे, आणि पाण्याची बाटली टेबलावर भरून ठेवण्याऐवजी लहान पेला ठेवावा, म्हणजे तो भरायला तरी स्वयंपाकघरापर्यंत चालणे होते. पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी वेळा मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे. आपल्या इमारतीत खिडकीतून समोरच्या कडुनिंबाकडे पाहिले तरी पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालले तरी किमान गरज भागते.

ए-२०२
ताई, सगळे पटते, पण उठण्याविषयी मला वेगळेच म्हणायचे आहे. आमच्याकडे आम्ही दोघेही घरून काम करतो. कुकरची शिट्टी झाली की मी उठते, दाराची घंटा वाजली की मी उठते, मुलाने आई म्हटले की मी उठते. माझ्या उठण्याला काही तोटा नाही, सलग बसायलाच मिळत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले आहे. हा फरक जिथल्या तिथे ठेवून दिनचर्येचे कितीही कागद भिंतीला लावले, तरी बाईचा दिवस सुधारणार नाही.

आम्ही आता कामे वाटून घेतली आहेत आणि ती वाटणी घड्याळाप्रमाणे आहे. सकाळी साडेनऊपर्यंत पोळ्या-भाजी माझ्याकडे. त्यानंतर एक वाजेपर्यंत दार, फोन, मूल आणि दूध तापवणे हे सर्व त्यांच्याकडे, मग त्यांची मीटिंग असो वा नसो. दुपारनंतर हेच उलट. पहिल्या आठवड्यात दोन वेळा दूध उतू गेले तरी मी उठले नाही, आणि त्यानंतर ते उतू गेलेले नाही.

ए-४०३
वहिनी, हे तुम्ही स्पष्ट लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरी हा संदेश मी मोठ्याने वाचून दाखवला.

सी-४०१
मी येथे भाड्याने एकटा राहतो, त्यामुळे माझी अडचण याच्या उलट आहे. मला कुणी हाक मारत नाही, आणि न ठरवता दिवस काढला तर दुपारपर्यंत एका माणसाशीही समोरासमोर बोलणे होत नाही. म्हणून मी सकाळ महापालिकेच्या कचरागाडीला बांधून टाकली आहे. गाडीचे गाणे ऐकू आले की ओल्या आणि सुक्या कचऱ्याचे डबे घेऊन खाली उतरतो, डबे रिकामे झाले की फाटकापाशीच ठेवतो, आणि तसाच नाक्यापर्यंत चालत जाऊन पोहे खातो. शेव-जिरावण घातलेले पोहे आणि चार ओळखीचे चेहरे एवढ्यावर माझा दिवस सुरू होतो, आणि परत येताना मी ऑफिसलाच निघालो आहे असे धरून चालतो. सकाळचे ऊन डोळ्यांना मिळाले की शरीराचे घड्याळ जागेवर राहते आणि रात्री झोप वेळेवर येते, हा लाभ वेगळाच.

आणखी एक गोष्ट समवयस्कांसाठी लिहितो. चहा-कॉफीतल्या कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री आठच्या कॉलला जागे राहण्यासाठी घेतलेली कॉफी एक वाजताही शरीरात बरीच शिल्लक असते. पाचनंतर मी ताक किंवा लिंबूपाणी घेतो. त्याने झोपेत पडलेला फरक मला स्पष्ट जाणवतो.

सचिव, ए-१०४
सर्वांचे आभार. बैठकीपुढे ठेवण्याचा मसुदा असा. दुरुस्ती आणि ड्रिलचे काम फक्त सकाळी साडेदहा ते दीड या वेळात करावे आणि आदल्या दिवशी ग्रुपवर कळवावे. रात्री दहानंतर कामाचे कॉल बाल्कनीत किंवा जिन्यात घेऊ नयेत, खोलीत दार लावून घ्यावेत. गच्ची चालण्यासाठी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात उघडी ठेवावी.

बी-३०२
काका, संध्याकाळची वेळ नऊपर्यंत वाढवता आली तर पाहावे. माझ्यासारख्यांचा पहिला कॉल संपतो तोच मुळी आठला, आणि त्या वेळी मोठ्या रस्त्यावर चालणे गर्दीमुळे शक्य होत नाही. दुपारी दीडनंतर ड्रिल नसेल, तर माझ्या मागणीतला मोठा भाग पूर्ण झाला.

ए-४०३
गच्चीची किल्ली नऊपर्यंत सांभाळायला मी तयार आहे. टाकीजवळचा दिवा मात्र गेला आहे, तो रविवारच्या आत बदलून घ्यावा.

सी-२०१
शनिवारी दुपारी चार ते सहा मी मोकळी आहे. ज्यांना आपली बसण्याची जागा आणि टेबल-खुर्चीची उंची दाखवून घ्यायची असेल, त्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत येथे घर क्रमांक लिहावा. शुल्क काही नाही, घरी मोजपट्टी असेल तर तेवढी काढून ठेवावी.

ए-२०२
ए-२०२ लिहून घ्या. दोन टेबले आहेत.