भावाच्या मांडीत छर्रे, समोरचे म्हणतात केस नको

प्रश्न : आम्ही कुडाळ तालुक्यातले. परवा रात्री भातात रानडुक्कर शिरले म्हणून माझा धाकटा भाऊ आणि शेजारचे राखणीला गेले. झाडी हलली म्हणून शेजाऱ्यांच्या मुलानं बार काढला, पलीकडे भाऊ होता. ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासायची) बंदूक, शेतीसंरक्षणाचा परवाना त्या मुलाच्या वडिलांच्या नावावर. मांडीत छर्रे घुसलेत, एक गुडघ्यापाशी. ते खर्च देतायत, पण 'सळी लागली' असं सांगा म्हणतात. आई म्हणते, गावात राहायचंय. भाऊ घरीच आहे, हळद लावलीय. काय करू?

उत्तर : ताई, वाचून जीव खालीवर झाला. आधी त्याला दवाखान्यात न्या, आत्ता. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. ठासणीच्या बारात छर्ऱ्यांबरोबर ठासलेल्या चिंध्या, पँटचे तुकडेही आत जातात. जखम चिघळते, धनुर्वाताची भीती असते. सांध्यात छर्ऱ्याचं शिसं राहिलं तर तिथल्या पाण्यात विरघळून रक्तात उतरतं. सळीची गोष्ट एक्स-रेपुढे टिकणार नाही, छर्रे गोल ठिपक्यांसारखे स्वच्छ दिसतात. डॉक्टर पोलिसांना कळवणारच. पण आधी उपचार, मग कागद, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात सांगितलंय. पँट धुऊ नका, तो पुरावा आहे.

उत्तर : चुकून लागलं ना? मग मिटवा. कोर्टात चपला झिजतात.

उत्तर : मिटवायचंच तर खरं सांगून मिटवा. मी फौजदारी वकिली करतो. निष्काळजीपणे दुखापत म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ : साधी असेल तर सहा महिन्यांपर्यंत, गंभीर असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हाड मोडलं किंवा पंधरा दिवस रोजची कामं करता आली नाहीत, तरी ती गंभीर धरतात. दुखापतीपुरती तडजोड कोर्टात होऊ शकते. बंदुकीचा गुन्हा मात्र तडजोडीत मिटत नाही. मुलाच्या नावावर परवाना नसेल तर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली किमान दोन वर्षं, आणि ज्यांनी बंदूक त्याच्या हाती दिली ते वडीलही अडकतात. म्हणून तर त्यांना सळी हवीय! आज भावानं खोटं लिहून दिलं आणि उद्या पाय अधू झाला, तर भरपाई मागताना तोच कागद त्याच्यासमोर धरतील. कशावरही सही करू नका.

प्रश्नकर्ती : ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणलंय. डॉक्टरांना बंदुकीचंच सांगितलं. गुडघ्याचा छर्रा उद्या काढतायत. आई अजून बोलत नाहीये माझ्याशी. काढलेले छर्रे कुणाच्या ताब्यात जातात?

उत्तर (परिचारिका) : डॉक्टर सीलबंद करून पोलिसांना देतात. तुम्ही घेऊ नका, शेजाऱ्यांनाही घेऊ देऊ नका.