एबीएसवाली मोटारसायकल: घरी काय करावं, डीलरकडे काय?

प्रश्न: ४०० सीसी, लिक्विड कूल्ड, वॉरंटी चालू आहे. इंजिन ऑइल आणि ब्रेक ऑइल घरी बदललं तर चालेल का?

प्रतिसाद १: इंजिन ऑइल जरूर बदला. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून बंद करा, मग ड्रेन करा. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (मोटारसायकल ऑइलचा दर्जा) हवंच. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यांनी वेट क्लच (इंजिन ऑइलमध्ये बुडून चालणारा क्लच) घसरतो. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाका. टॉर्क (बोल्ट किती जोराने आवळायचा ते माप) मॅन्युअलमध्ये बघूनच द्या. अंदाजाने आवळला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात, आणि ते दुरुस्त करणं फार किचकट. नव्या फिल्टरच्या रबर रिंगला थोडं ऑइल लावा.

प्रतिसाद २: ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण २ वर्षांनी बदलतात. ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीतली पातळी खालच्या खुणेखाली जाऊ दिली नाही तर एबीएस (ब्रेक दाबताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असूनही काम साधंच आहे. पातळी खाली गेली आणि हवा एबीएसच्या मॉड्युलेटरमध्ये (ब्रेकचा दाब नियंत्रित करणारा भाग) शिरली, तर ती काढायला बऱ्याच गाड्यांना डायग्नोस्टिक टूल (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं उपकरण) लागतं. लिव्हर मऊ लागत असेल तर गाडी अजिबात चालवू नका. आणि हो, हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

प्रतिसाद ३: वॉरंटीत ठरलेल्या सर्व्हिस चुकवू नका, अटी आधी वाचा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची ठरलेली फट) तपासणं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अपडेट डीलरकडेच. चेन मात्र घरीच बघा: ढिलाई स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरप्रमाणे ठेवा. जास्त ताणलेली चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.