मदत हवी आहे: नॅशव्हिलमध्ये कंट्री गाणं मोठ्या गायकापर्यंत कसं पोचवायचं?

नमस्कार मंडळी,
मुक्काम टेनेसी (नॅशव्हिल याच राज्यात). एका अमेरिकन सहकाऱ्याबरोबर इंग्रजीत दोन कंट्री गाणी लिहिली आहेत. आम्हाला स्वतः गायचं नाही, नावाजलेल्या गायकाने ती रेकॉर्ड करावीत एवढीच इच्छा आहे. मुख्य गाणं ४ मिनिटं २० सेकंदांचं, टेंपो ९० (मिनिटाला ९० मात्रा), पहिला कोरस (ध्रुवपद) १:२५ ला. फोनवर नुसती गिटार आणि आवाज रेकॉर्ड केलाय. लेबलांना (रेकॉर्ड कंपन्यांना) मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. एक 'प्रकाशक' (गाणी गायकांपर्यंत पोचवणारा) डेमो (नमुना रेकॉर्डिंग) आणि पिचिंगचे (गाणं पुढे मांडण्याचे) मिळून ४५० डॉलर मागतोय. द्यावेत का?

स्टीलगिटार:
अजिबात देऊ नका. खरा प्रकाशक गाण्याच्या कमाईत वाटा घेतो, लेखकाकडून फी घेत नाही. पैसे आधीच खिशात पडले की गाणं खपवायची त्याला गरजच उरत नाही. डेमो करायचाच असेल तर थेट स्टुडिओला पैसे द्या, हक्क कुणाच्याही नावे न करता.

मेलना उत्तर येत नाही, कारण न मागवलेली गाणी लेबलवाले बहुतेक उघडतच नाहीत. उद्या त्यांचं एखादं गाणं तुमच्यासारखं निघालं तर चोरीचा दावा व्हायला नको, म्हणून. गाणं जातं ते प्रकाशकाच्या साँग प्लगरमार्फत (गाणी खपवणाऱ्या माणसामार्फत) निर्मात्याकडे किंवा लेबलच्या ए अँड आरकडे (गायक आणि गाणी निवडणाऱ्या विभागाकडे) आणि तिथून गायकाकडे. त्यामुळे आधी प्लगरला पटलं पाहिजे. १९६७ पासून चालू असलेल्या एनएसएआय या गीतकारांच्या संस्थेचे सभासद व्हा, तिथे गाण्यावर अभिप्राय मिळतो. शिवाय आज बरेच गायक स्वतःच सहलेखक असतात. अजून करार न झालेल्या एखाद्या चांगल्या गायकाबरोबर लिहायला बसणं हा मला सगळ्यात भरवशाचा रस्ता वाटतो.

तीनकॉर्ड:
मेलच्या आधी गाणं दुरुस्त करा. ९० च्या टेंपोला चार मात्रांचा एक बार २.६७ सेकंदांचा होतो. तुमचे ८५ सेकंद म्हणजे जवळजवळ ३२ बार, आणि तेवढा वेळ हुकचा (मनात रुतणाऱ्या ओळीचा) पत्ता नाही! इंट्रो ४ बार, कडवं १६ बार ठेवलंत तर कोरस ५३ व्या सेकंदाला येतो. एकूण लांबी साडेतीन मिनिटांच्या आत आणा.

दुसरं कडवं पहिल्याचंच दुःख पुन्हा सांगत असेल तर गाणं तिथेच बसतं. 'तो एकटा पडला' असं न सांगता 'जाताना तिने ओसरीवरचा दिवा चालूच ठेवला' हे दाखवा, आणि दुसऱ्या कडव्यात तो दिवा कोण विझवतं ते येऊ द्या.

फोनवरचा वर्क टेप (साधं कच्चं रेकॉर्डिंग) चालतो, फक्त प्रत्येक शब्द कळला पाहिजे. बहुतेक वेळा गिटार फोनच्या जवळ असते आणि आवाज मागे पडतो. फोन तोंडाच्या उंचीवर ठेवा. एका वेळी एकच गाणं, फाइल न जोडता लिंक, आणि एका पानात बसणारे शब्द. त्यावर दोघांची नावं आणि फोन नंबर हवेतच.

धागाकर्ता:
मनापासून आभार. कागदपत्रं कधी करायची? आणि 'होल्ड' म्हणजे नेमकं काय?

स्टीलगिटार:
गाण्यातल्या हिश्श्याची वाटणी आजच लिहून सह्या करा. नॅशव्हिलमध्ये लिहायला बसलेल्या सगळ्यांना समान वाटा असा रिवाज आहे. दोघांनीही एएससीएपी किंवा बीएमआय या, गाणं वाजल्याचे पैसे वसूल करून देणाऱ्या संस्थेत नाव नोंदवा. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे लेखक-प्रकाशकाला मिळतात, गायकाला नाही. सीडी आणि डाउनलोडचा २०२५ चा कायदेशीर दर ५ मिनिटांपर्यंतच्या गाण्याला प्रत्येक प्रतीमागे १२.७ सेंट होता. त्या दराने प्रकाशकाने निम्मे घेतले तर तुम्हा प्रत्येकाला ३ सेंटांच्या थोडं वर मिळतील.

प्रकाशकाशी एकाच गाण्याचा करार करताना ठरावीक मुदतीत ते रेकॉर्ड झालं नाही तर हक्क परत, हे कलम घातल्याशिवाय सही करू नका.

होल्ड म्हणजे 'विचार चालू आहे, दुसऱ्याला देऊ नका' अशी गायक किंवा लेबलकडून आलेली तोंडी विनंती. त्याचे सहसा पैसे मिळत नाहीत, महिनोन्‌महिने चालतो आणि एका दिवसात सुटतोही. कुणी, कधी मागितला ते लिहून ठेवा आणि मधूनमधून चौकशी करा. पहिल्या रेकॉर्डिंगला मात्र तुमची परवानगी लागतेच. एकदा गाणं बाजारात आलं की ठरलेला दर भरून कुणीही ते रेकॉर्ड करू शकतं, त्यामुळे ती पहिली परवानगी जपून द्या.